कच्ची वही, पक्की वही आणि दाखला
मुलांच्या डिजिटल पोर्टफोलिओविषयी थोडेसे



गेल्या टर्मच्या शेवटच्या शनिवारी मराठी वर्ग सुटला आणि आम्ही नेहमीप्रमाणे हॉलमधल्या खुर्च्या रचून ठेवत होतो. तेव्हा मोठ्या गटातली एक मुलगी, इथल्या हिशेबाने इयर टेनमधली, जवळ येऊन म्हणाली, "काका, पुढच्या टर्मपासून मी येणार नाही. माझी गुजराती मैत्रीण तिच्या शनिवारच्या वर्गातून जीसीएसईला बसणार आहे. माझं मराठी कशात धरतात?"

आम्ही तिला भाषा, आजी-आजोबा, संस्कृती असे काहीबाही सांगितले. तिने मान डोलावली, पण तिचे समाधान झाले नाही. खरे सांगायचे तर आमचेही झाले नाही. तिचे म्हणणे बरोबर आहे. इथे गुजराती, पंजाबी, उर्दू आणि बंगाली या भाषांची जीसीएसई परीक्षा आहे, मराठीची नाही.

पुढच्या कमिटीच्या सभेत हा विषय निघाला. एक ताई म्हणाल्या, "परीक्षा नसली तर नसू दे. आपण मुलांचे डिजिटल पोर्टफोलिओ करू या. हल्ली सगळीकडे तेच चालतं." सगळ्यांना ते पटले. मग पोर्टफोलिओ म्हणजे नक्की काय, असे कोणीतरी विचारले आणि पाच जणांनी पाच उत्तरे दिली. एकाला नर्सरीतून फोनवर येणारे फोटो आठवले. एकाला मुलीच्या आर्टच्या स्केचबुकाची पाने आठवली. एनएचएसमध्ये नोकरी करणाऱ्या वहिनींना स्वतःचाच ई-पोर्टफोलिओ आठवला आणि त्यांनी कपाळाला हात लावला. एकाने ड्यूक ऑफ एडिंबरा अॅवॉर्डचे नाव घेतले, तर एका काकांना आपले शेअर्स आठवले. शेवटी "तुम्ही डॉक्टरेट ना, मग तुम्हीच अभ्यास करा" असे म्हणून हे काम आमच्या गळ्यात पडले. आमची डॉक्टरेट रसायनशास्त्रातली. गुडघेदुखीवर सल्ला विचारला जाण्यापलीकडे मंडळात तिचा आजवर काही उपयोग झाला नव्हता.

असो. दोन महिने आम्ही वाचले, पालकांना विचारले, शिक्षकांशी बोललो. त्यातून जे कळले ते या अंकात मांडतो.

एका नावाच्या तीन वस्तू

पोर्टफोलिओ ही मुळात चित्रकाराची सुटे कागद ठेवायची चपटी पिशवी. डिजिटल पोर्टफोलिओ म्हणजे तीच पिशवी संगणकावर. फरक इतकाच की कागदाबरोबर तिच्यात फोटो, आवाज आणि चित्रफितीही मावतात. इथवर सोपे आहे. घोटाळा पुढे होतो, कारण वेगवेगळ्या कामांच्या पिशव्यांना आपण हे एकच नाव देतो.

ज्यांनी महाराष्ट्रात बारावी सायन्स केले त्यांना प्रॅक्टिकलचे जर्नल आठवत असेल. प्रयोगशाळेत हाताशी एक कच्ची वही असे. तिच्यात ब्युरेटची रीडिंग्ज, बेरजा, खाडाखोड आणि आम्लाचे डाग. घरी जाऊन त्यावरून सुवाच्य अक्षरात पक्के जर्नल लिहायचे, आकृत्या पेन्सिलीने काढायच्या. आणि त्या जर्नलच्या पहिल्या पानावर 'या विद्यार्थ्याने अमुक इतके प्रयोग पूर्ण केले आहेत' असा दाखला, खाली सरांची सही. ती सही नसेल तर परीक्षेला उभे करत नसत.

कच्ची वही, पक्की वही आणि दाखला. शिक्षणातले यच्चयावत डिजिटल पोर्टफोलिओ आम्हाला या तीन खणांत बसवता आले. कच्च्या वहीचा हेतू शिकणे. पक्क्या वहीचा हेतू दाखवणे. दाखल्याचा हेतू सिद्ध करणे. हेलन बॅरेट या अमेरिकन अभ्यासक बाईंनी या विषयावर बरेच लिहिले आहे. त्याही पहिल्या दोन प्रकारांत असाच भेद करतात. एक काम करण्याची जागा, दुसरी काम मांडून दाखवण्याची जागा. पालक म्हणून आपल्याला एवढेच ओळखता यायला हवे, की समोर आलेली पिशवी यांपैकी कोणती आहे.

नर्सरीचे फोटो

सर्वांत लहान मुलांपासून सुरुवात करू. इथल्या बऱ्याच नर्सऱ्या आणि रिसेप्शनचे वर्ग मुलांचे 'लर्निंग जर्नल' संगणकावर ठेवतात. टॅपेस्ट्री हे त्यातले आपल्या पालकांना माहीत असलेले नाव. इथे नोंद करतात मुख्यतः शिक्षिका. मुलाने ठोकळ्यांचा पूल केला, की फोटो आणि खाली दोन ओळी. पालकही घरून फोटो आणि मजकूर घालू शकतात. सीसॉ हा दुसरा प्रकार अमेरिकेतून आला. त्यात मूल स्वतः आपल्या चित्राचा फोटो काढते, त्यावर बोलून आवाज नोंदवते, शिक्षिका तो पाहून मंजूर करते आणि मग तो आईवडिलांना दिसतो. वरवर दोन्ही सारखेच वाटतात. पण पहिल्यात मुलाविषयी मोठी माणसे बोलतात आणि दुसऱ्यात मूल स्वतः बोलते. हा फरक लहान नाही.

इथे आपल्या गावची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. इल्फर्डचे नाव जगभरच्या फोटोग्राफरांना माहीत आहे. १८७९ साली आल्फ्रेड हर्मन यांनी याच गावात फोटोच्या कोरड्या काचा, म्हणजे ड्राय प्लेट, बनवायला सुरुवात केली आणि पुढे गावाचे नावच फिल्मच्या डब्यांवर गेले. त्या काळी प्रत्येक काचेला पैसे पडत. त्यामुळे फोटो काढण्यापूर्वी माणूस विचार करी. आज फोनवर एका दुपारी चाळीस फोटो निघतात आणि विचार करायचे काम राहून जाते. चाळीस फोटोंचा साठा म्हणजे पोर्टफोलिओ नव्हे. त्यातले तीन निवडले आणि हेच तीन का, ते मुलाने सांगितले, तर तो पोर्टफोलिओ. इंग्लंडच्या बालशिक्षणाच्या सरकारी चौकटीतही, विशेषतः २०२१ च्या बदलांपासून, यावर भर आहे की नोंदी आणि कागदपत्रांपायी मुलांशी बोलण्या-खेळण्याचा वेळ जाऊ नये. तेव्हा आठवड्यात एकच फोटो आला म्हणून शिक्षिकेवर रागावू नये. कदाचित ती त्या वेळी मुलांबरोबर मातीत बसलेली असेल.

एक अनुभवाचा सल्ला. मूल नर्सरी सोडते तेव्हा ही नोंद उतरवून घ्यावी लागते. आम्हाला तसा निरोप आला होता. आम्ही म्हटले, रविवारी बघू. तो रविवार उजाडलाच नाही, खाते बंद झाले आणि थोरल्याच्या दोन वर्षांच्या नोंदी गेल्या. चूक सर्वस्वी आमची. घरात त्याची आठवण अजूनही अधूनमधून करून दिली जाते.

आर्टच्या वहीतील घाणेरडे पान

आता मोठी मुले. आपल्यापैकी अनेकांनी शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा दिल्या आहेत. ठरलेल्या वेळात स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. कागद स्वच्छ हवा, रंग ओघळता कामा नये. त्याच डोळ्यांनी आपण मुलांची जीसीएसई आर्टची स्केचबुके पाहतो आणि म्हणतो, "हे काय चिकटवलंय? हे अर्धवट का सोडलंय? फाड ते पान."

कृपया फाडू नका. जीसीएसई आर्ट अँड डिझाइनमध्ये ६० टक्के गुण पोर्टफोलिओला आणि ४० टक्के परीक्षा मंडळाने दिलेल्या विषयावरच्या कामाला असतात. मोजमापाचे निकष चार, चारही सारख्या वजनाचे. कल्पना कशी वाढवली, साहित्य आणि पद्धती वापरून कसे प्रयोग केले, निरीक्षणे कशी टिपली आणि शेवटी काय सादर केले. म्हणजे पूर्ण झालेले देखणे चित्र हा चारांतला एक निकष आहे. उरलेले तीन तिथवरच्या वाटेचे. आपण जे पान घाणेरडे म्हणून फाडायला सांगतो, त्याच पानावर गुण असण्याचा संभव फार. तुमचे मूल ही पाने स्कॅन करून फाईल करत असेल तर फसलेले प्रयत्नही स्कॅन करायला सांगा आणि शेजारी तारीख व दोन ओळी लिहायला सांगा.

एक्स्टेंडेड प्रोजेक्ट, ज्याला इथे ईपीक्यू म्हणतात, त्याचीही हीच तऱ्हा. निबंध किंवा वस्तू तयार करायची असतेच, पण त्याबरोबर 'प्रॉडक्शन लॉग' भरावा लागतो. काय ठरवले होते, काय बदलले, का बदलले. शेवटच्या रात्री बसून हा लॉग भरणारी मुले आम्ही पाहिली आहेत. वाचणाऱ्याला ते पहिल्या पानावरच कळते.

विज्ञानात काय होते, हे आम्ही जरा अधिकाराने सांगू शकतो. २०१५ पासून शिकवल्या जाणाऱ्या नव्या ए-लेव्हल केमिस्ट्रीत प्रात्यक्षिकांचा निकाल श्रेणीपासून वेगळा लागतो, एक तर 'पास' किंवा 'नॉट क्लासिफाइड'. दोन वर्षांत कमीत कमी बारा प्रात्यक्षिके करायची, त्यांच्या नोंदी ठेवायच्या आणि पाच निकषांवर शिक्षक पाहणार. सूचनांप्रमाणे काम करता येते का, तपासाची पद्धत योजता येते का, उपकरणे सुरक्षितपणे हाताळता येतात का, निरीक्षणे नीट नोंदवता येतात का आणि संदर्भ शोधून अहवाल लिहिता येतो का. वहीचे सौंदर्य यात नाही.

आमच्या बारावीच्या बॅचमध्ये निम्म्या मुलांची रीडिंग्ज आदल्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवलेली होती. त्यात आम्ही होतो की नव्हतो, ते इथे लिहीत नाही. पुढे पीएचडीला आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात प्रयोगशाळेच्या वहीचे नियम सांगितले गेले. पाने क्रमांकाची, एकही फाडायचे नाही. चुकले तर एकच रेघ मारायची, म्हणजे खालचे वाचता आले पाहिजे. शेजारी तारीख आणि सही. नोंद त्याच वेळी करायची, संध्याकाळी आठवून नाही. आता वह्या जाऊन संगणकावरच्या नोंदी आल्या, पण नियम तेच राहिले. जी नोंद कधीच चुकत नाही तिच्यावर रसायनशास्त्रात कोणी विश्वास ठेवत नाही. मुलांच्या कच्च्या वहीलाही आम्ही हाच नियम लावू.

दाखल्याची पिशवी

तिसरा प्रकार सिद्ध करण्याचा. जुन्या सभासदांच्या कपाटात कदाचित अजून एक मरून रंगाची फाईल असेल, 'नॅशनल रेकॉर्ड ऑफ अचीव्हमेंट'. १९९१ पासून शाळा सोडणाऱ्या मुलांना ती मिळे. परीक्षांच्या निकालांबरोबर मुलाने काय काय केले तेही त्यात असावे, ही कल्पना चांगली होती. पुढे तिची जागा 'प्रोग्रेस फाईल'ने घेतली आणि मग तीही मागे पडली. आज शाळा सोडताना अशी फाईल कोणाला मिळत नाही.

ड्यूक ऑफ एडिंबरा अॅवॉर्ड मात्र १९५६ पासून चालू आहे. आता त्याची नोंद ईडीओएफई या संगणकीय व्यवस्थेत होते. मूल आपण केलेल्या कामाचे पुरावे तिथे चढवते, आणि प्रत्येक विभागासाठी एक असेसर आपला अहवाल देतो. असेसर घरातला माणूस असून चालत नाही. आमच्या मते ही दाखल्याची पिशवी नीट बांधलेली आहे. कोणी पाहिले, किती महिने, काय केले, हे स्पष्ट असते. त्यात मुलाने मन मोकळे करावे अशी कोणाची अपेक्षा नसते.

विद्यापीठाचा अर्जही बदलला आहे. २०२६ च्या प्रवेशापासून यूकॅसचे पर्सनल स्टेटमेंट म्हणजे एक सलग निबंध राहिलेला नाही. त्यात तीन प्रश्न आहेत. हा विषय का, अभ्यासाने तुमची तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर केलेल्या कशाकशाने झाली. तिन्ही मिळून ४,००० अक्षरे, प्रत्येकाला किमान ३५०. त्याला फाईल जोडता येत नाही. कला किंवा वास्तुशास्त्र अशा अभ्यासक्रमांना विद्यापीठे पोर्टफोलिओ वेगळा मागतात. तिथे भरमसाट काम पाठवून उपयोग नाही, निवडूनच पाठवावे लागते. म्हणजे पुन्हा पक्की वही.

आपल्याकडेही बदल होत आहेत. महाराष्ट्रात २०१० पासून पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यात चाचणीबरोबर तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम आणि शिक्षकांच्या वर्णनात्मक नोंदी धरल्या गेल्या. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने समग्र प्रगती पत्रक सुचवले. त्यात शिक्षकांबरोबर मूल स्वतःविषयी आणि वर्गमित्रांविषयीही नोंद करते. तर २०१५ साली सुरू झालेले डिजिलॉकर हे निव्वळ दाखल्यांचे कपाट आहे. बोर्डाची मार्कशीट त्यात मिळते, शिकण्याशी त्याचा संबंध नाही. एक कच्च्या वहीच्या बाजूचे, दुसरे दाखल्याच्या बाजूचे. दोन्ही हवीत, पण एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

तिन्ही एकत्र बांधले तर

इथे आमच्या लेखाचा मुख्य मुद्दा येतो. एकाच पिशवीत तिन्ही हेतू कोंबले की काय होते, याची दोन उदाहरणे.

अमेरिकेतल्या व्हरमाँट या छोट्या राज्याने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ठरवले की मुलांच्या गणिताच्या आणि लेखनाच्या कामाचे पोर्टफोलिओ करायचे आणि त्यांवरच गुण द्यायचे. रँड या संशोधन संस्थेने त्याचा अभ्यास केला. निष्कर्ष दोन निघाले. पहिला चांगला. शिक्षकांच्या शिकवण्यात फरक पडला, मुलांकडून अधिक विचार करून घेतला जाऊ लागला. दुसरा वाईट. एकच काम दोन शिक्षकांनी तपासले तर गुण फारसे जुळत नव्हते, त्यामुळे त्या गुणांवर शाळांची तुलना करणे कठीण झाले. म्हणजे कच्ची वही म्हणून ते काम उत्तम होते. दाखला म्हणून ते टिकले नाही.

दुसरे उदाहरण आपल्या घरांतले आहे, कारण आपल्यात डॉक्टर आणि नर्स पुष्कळ. इथल्या शिकाऊ डॉक्टरांना ई-पोर्टफोलिओत आपल्या कामावर चिंतन लिहावे लागते. काय चुकले, त्यातून काय शिकलो. २०१८ साली लेस्टरच्या एका शिकाऊ डॉक्टरांचे प्रकरण गाजले. एका लहान मुलाच्या मृत्यूबद्दल त्यांना शिक्षा झाली होती, आणि त्या जानेवारीत त्यांचे नाव वैद्यकीय नोंदवहीतून काढण्यात आले. त्यांनीच लिहिलेले चिंतन कोर्टात त्यांच्याविरुद्ध वापरले गेले, अशी बातमी तेव्हा पसरली. त्यांच्या बाजूने उभ्या असलेल्या संस्थेने सांगितले की ई-पोर्टफोलिओ कोर्टातल्या पुराव्याचा भाग नव्हता. ऑगस्टमध्ये अपील कोर्टाने त्यांचे नाव पुन्हा बहाल केले. सरकारने नेमलेल्या विल्यम्स समितीने जून २०१८ मध्ये शिफारस केली की जनरल मेडिकल कौन्सिलला डॉक्टरांकडून असे चिंतन मागवण्याचा अधिकार असू नये. पण मधल्या काळात देशभरचे डॉक्टर भ्याले. वर ज्या वहिनींनी कपाळाला हात लावला त्या म्हणाल्या, "तेव्हापासून आम्ही चिंतन लिहितो, पण कोणालाही वाचायला चालेल असंच."

म्हणजे कच्च्या वहीवर दाखल्याची सावली पडली की कच्ची वही खोटी होऊ लागते. आमच्या बारावीच्या जर्नलचे तेच झाले होते. पहिल्या पानावरच्या सहीसाठी आतली रीडिंग्ज उतरवली गेली. मुलाला आपण म्हटले की तुझ्या चुका मोकळेपणाने लिही आणि हे सगळे पुढे अॅडमिशनला दाखवू, तर ते चुका लिहिणार नाही. त्याच्या जागी आपणही लिहिल्या नसत्या.

आपल्या मराठीची फाईल

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. तिचे मराठी कशात धरायचे?

शोधताना आम्हाला एक जुना पण उपयोगी नमुना सापडला. कौन्सिल ऑफ युरोपने २००१ साली, युरोपियन भाषा वर्षात, 'युरोपियन लँग्वेज पोर्टफोलिओ' पुढे आणला. (ही संस्था युरोपियन युनियनहून वेगळी. ब्रिटन १९४९ पासून तिचा सभासद आहे आणि ब्रेक्झिटनंतरही राहिला आहे.) त्याचे तीन भाग. पहिला भाषा-पासपोर्ट. आपल्याला कोणत्या भाषा किती येतात, हे ए-वन ते सी-टू या सहा पायऱ्यांवर. दुसरा भाषा-चरित्र. ही भाषा कुठे, कोणाकडून, कशी शिकलो, आता काय जमते आणि पुढे काय जमवायचे. तिसरा डॉसियर, म्हणजे स्वतः निवडलेल्या कामाचे नमुने. शाळेत शिकलेली भाषा आणि घरी आजीकडून शिकलेली भाषा, दोन्ही त्यात सारख्याच मानाने धरतात. आणि ही फाईल शिकणाऱ्याच्या मालकीची, शाळेची नव्हे, असे त्याचे तत्त्व आहे.

पाहा, आपले तीन खण तिथेही दिसतात. चरित्र ही कच्ची वही, डॉसियर ही पक्की वही, पासपोर्ट दाखल्याच्या जवळचा. फक्त ते एकमेकांपासून वेगळे ठेवले आहेत.

यावरून आम्ही कमिटीपुढे पुढील योजना ठेवली आहे. वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या तीन फाईली असाव्यात. महागडे सॉफ्टवेअर नको. साधे तीन फोल्डर, पालकांच्या ताब्यातल्या संगणकावर, आणि एक प्रत पेनड्राइव्हवर.

पहिला फोल्डर मुलाचा. त्यात दर महिन्याला एक मिनिटाचे मराठी बोलणे फोनवर नोंदवायचे. आजीशी झालेली गप्प, भाजीची पाककृती, शाळेत झालेले भांडण, काहीही. चुकीचे मराठी चालेल, मध्ये इंग्रजी आले तरी चालेल. आम्ही शिक्षक ते मागणार नाही. मुलाने आपणहून ऐकवले तर ऐकू. वर्षाने मुलाने पहिले आणि शेवटचे बोलणे लागोपाठ ऐकावे, एवढाच त्याचा उपयोग, आणि तो पुरेसा आहे.

दुसरा फोल्डर दाखवायचा. वर्षातून तीनच गोष्टी. मुलाने निवडायच्या, आईवडिलांनी नाही. एक लिहिलेली, एक बोललेली, एक केलेली. प्रत्येकीखाली 'मी हे का निवडले' याच्या दोन ओळी. दिवाळीच्या कार्यक्रमात ज्यांना दाखवायचे त्यांनी दाखवावे. 'दाखव ना बेटा' असा आग्रह नको.

तिसरा फोल्डर दाखल्यांचा. किती टर्म हजेरी, कोणत्या पायरीपर्यंत वाचन-लेखन, कोणते काम सांभाळले. ही पत्रे मंडळातर्फे आम्ही सहीनिशी देऊ आणि त्यांत खरे असेल तेवढेच लिहू.

या तिसऱ्या फोल्डरमधून त्या मुलीला काही मिळू शकते. ड्यूक ऑफ एडिंबरामध्ये 'स्किल' विभागात भाषा शिकणे धरता येते. 'व्हॉलंटिअरिंग' विभागात लहान मुलांच्या वर्गाला मदत करणे धरता येते. असेसर म्हणून वर्गातले शिक्षक चालतील, नातेवाईक नको. मात्र आधी शाळेतल्या डीओएफई लीडरला विचारून मान्यता घ्यावी, काम झाल्यावर नव्हे. आणि यूकॅसच्या तिसऱ्या प्रश्नाला, पाच वर्षांच्या मुलांना 'ळ' म्हणायला शिकवले, हे चांगले उत्तर आहे. निदान आम्हाला तरी ते वाचायला आवडेल.

हे जीसीएसई नव्हे. त्याची बरोबरी हे करणार नाही, आणि करते असे आम्ही कोणाला सांगणार नाही. मराठीची परीक्षा व्हावी यासाठी प्रयत्न करायचेच असतील तर तो स्वतंत्र विषय आहे, आणि त्याला आपल्या एका मंडळाचे बळ पुरणार नाही.

पालकांनी विचारायचे चार प्रश्न

शाळेने, नर्सरीने किंवा आम्हीच उद्या तुमच्या मुलाचा पोर्टफोलिओ करायचे म्हटले, तर हे विचारा.

१. हा कोणासाठी आहे? मुलासाठी, पाहुण्यांसाठी की परीक्षकासाठी? 'सगळ्यांसाठी' असे उत्तर आले तर पुन्हा विचारा.

२. यात काय घालायचे ते कोण निवडते? मूल काहीच निवडत नसेल तर ती मुलाविषयीची नोंद आहे, मुलाचा पोर्टफोलिओ नव्हे. नोंद वाईट नसते, पण तिला तसे म्हणावे.

३. कोण पाहू शकते आणि किती दिवस? फोटोत दुसऱ्यांची मुले असतील तर तो फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाठवण्याआधी थांबा. आपल्या मुलाविषयी शाळेने काय माहिती ठेवली आहे ते मागण्याचा हक्क इथल्या कायद्याने दिला आहे. तो नम्रपणे वापरता येतो.

४. शाळा सुटल्यावर ही कशी मिळेल? उत्तर मिळाले की त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहा. रविवारवर टाकू नका.

त्या मुलीला आम्ही हे सगळे मागच्या आठवड्यात सांगितले. ती जरा वेळ गप्प राहिली आणि मग तिने विचारले, "पहिल्या फोल्डरमधलं तुम्ही खरंच ऐकणार नाही?" आम्ही म्हटले, "नाही." ती म्हणाली, "मग बघते." येते असे ती म्हणाली नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. लहान गटाला मदतीला कोणी लागते का, हे मात्र जाता जाता विचारून गेली.

टर्मच्या पहिल्या शनिवारी वर्गानंतर अर्धा तास आम्ही हॉलमध्ये थांबू. ज्यांना आपल्या मुलांचे फोल्डर करून हवे असतील त्यांनी फोन किंवा लॅपटॉप आणि एक पेनड्राइव्ह घेऊन यावे. ज्यांना संगणक जमतो अशा दोन-तीन मोठ्या मुलांनीही यावे, त्यांच्या तिसऱ्या फोल्डरसाठी पत्र नक्की देऊ. चहा मंडळाचा. खुर्च्या रचायला मात्र सगळ्यांनी थांबावे, ही नम्र विनंती.